वादळाची रेघ सोडा, आपल्या मंडळाचा पाऊस धरा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यात दोन कामांची एकदमच घाई उडते. शिवारात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि गावाभोवतीच्या फटाका कारखान्यांत दिवाळीच्या मालाला वेग आलेला असतो. दोन्ही कामांना कोरडं ऊन हवं. नेमक्या याच दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, टीव्हीवर लाल बाणांचे नकाशे झळकायला लागतात आणि मोबाइलवर एकच प्रश्न फिरतो : वादळ आपल्याकडून जाणार का?

प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर मिळूनही आपल्या हाती फारसं काही लागत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बालाघाटाच्या पठारावर बसलेल्या गावाला वादळ पन्नास किलोमीटर अलीकडून गेलं काय नि पलीकडून गेलं काय, पाऊस साधारण तेवढाच. आपल्या महसूल मंडळात किती मिलिमीटर पडणार, वीज कधी कडकडणार आणि त्याची खबर आपल्याला वेळेत लागणार का, हे तीन प्रश्न मात्र घरदार वाचवतात. हा लेख त्या तीन प्रश्नांबद्दल आहे.

नाव नसलेलं वादळ

१३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याजवळ एक ‘डीप डिप्रेशन’ जमिनीवर आलं. ही चक्रीवादळाच्या एक पायरी खालची अवस्था. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ म्हणायचं आणि मगच नाव द्यायचं, असा हवामान खात्याचा नियम. या प्रणालीने ती पायरी गाठलीच नाही, म्हणून तिला नावही मिळालं नाही. त्या रात्री हैदराबादेत हाहाकार उडाला. दुसऱ्या दिवशी तीच प्रणाली सोलापूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यावर आली. काढून ठेवलेलं सोयाबीन वाहून गेलं, जमिनी खरडून निघाल्या. तुळजापूर तालुक्यातल्या काटगाव, अपसिंगा या गावांत खुद्द मुख्यमंत्र्यांना पाहणीला यावं लागलं.

पुढच्या वर्षी आलेल्या वादळाला नाव होतं. ‘गुलाब’ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. जमिनीवर येताच ते विरलं, बातम्यांतूनही उतरलं. पण त्याचं उरलेलं धूड पश्चिमेकडे सरकत २७ आणि २८ तारखेला मराठवाड्यावर बरसलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, मांजरा आणि तेरणाकाठची गावं पाण्याने वेढली गेली. पुढे तेच अवशेष अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले आणि ‘शाहीन’ नावाने ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळले.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम, वाशी या तालुक्यांना पुन्हा पुराने गाठलं. परंडा तालुक्यात माणसांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. तेव्हाही कुठल्या नाव मिळालेल्या वादळाची चर्चा नव्हती.

म्हणजे नाव ऐकल्यावरच सावध व्हायचं असं ठरवलंत, तर या तीन वेळांपैकी दोनदा गाफील राहिला असता. आणि ‘वादळ विरलं’ ही बातमी ऐकून निर्धास्त झालात, तर तिसऱ्यांदाही. विरतो तो वारा. ढगांतलं पाणी आपल्यापर्यंत येतच असतं.

नकाशावरचा शंकू कसा वाचायचा

चक्रीवादळाच्या नकाशात मधे एक रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुढे पुढे रुंदावत जाणारा पट्टा असतो. हा पट्टा म्हणजे अंदाज कुठवर चुकू शकतो याची खूण. आधीच्या वर्षांत अंदाज प्रत्यक्ष वाटेपासून किती हुकले, त्यावरून त्याची रुंदी ठरते. आपल्या हवामान खात्याची २४ तासांच्या अंदाजातली चूक अलीकडच्या वर्षांत सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. तीन दिवसांच्या अंदाजात ती दीडशेच्या घरात जाते. तेरखेड्यापासून सोलापूर दीडशे किलोमीटरच्या आतच आहे, यावरून मापाचा अंदाज यावा.

मधल्या रेघेवर भिस्त ठेवल्याने काय होतं, हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिलं. ‘इयन’ वादळाची रेघ सुरुवातीला टॅम्पा शहराकडे होती. दक्षिणेकडची ली काउंटी पट्ट्याच्या कडेला होती, पण बहुतेकांच्या नजरा रेघेवर खिळलेल्या. वादळ २८ सप्टेंबरला ली काउंटीच्याच किनाऱ्यावर चढलं. तिथल्या लोकांना घरं सोडण्याचा आदेश निघाला तो जेमतेम आदल्या दिवशी. अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही, वादळ पट्ट्याच्या हद्दीतच होतं. चुकली ती वाचण्याची रीत.

दुसरी गोष्ट : पट्टा फक्त वादळाचा मध्य कुठे असेल ते सांगतो. पाऊस कुठवर पडेल हे त्यात नसतं. कमी दाबाच्या प्रणालीचं पावसाचं आभाळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकणाऱ्या प्रणालींत सर्वांत जोराचा पाऊस बहुधा मध्याच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणून वादळाचा मध्य विदर्भातून किंवा मध्य प्रदेशातून जाताना दिसला तरी ‘आपण सुटलो’ म्हणून ताडपत्री गुंडाळून ठेवू नका.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कुठे?

आपल्या कामाचा इशारा वेगळा असतो. तो म्हणजे हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा. त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग असतात. हिरव्याला इशारा नाही. पिवळ्याला लक्ष ठेवा. नारिंगीला तयारी करा. लाल दिसला की हालचाल करा. रंग सगळ्यांना पाठ असतात. रंगाखालची ओळ मात्र फार थोडे जण वाचतात, आणि खरा मजकूर तिथेच असतो.

‘तुरळक ठिकाणी जोरदार’ असं लिहिलेलं असेल तर जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी तो पडेल, असा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या ठिकाणी. त्याच्यापुढचे शब्द आले की पाऊस निम्म्याहून अधिक जागी. तेव्हा तुरळकचा इशारा असताना तेरखेड्यात शिंतोडेही पडले नाहीत आणि परंड्यात ओढे फुटले, तर इशारा खोटा ठरत नाही. खातं जिल्ह्याला सांगतं, पाऊस मंडळाला पडतो. ही फट मुंबईत किंवा दिल्लीत बसून कोणी बुजवू शकत नाही, ती गावातच बुजवावी लागते.

दुसरं वाचायचं ते आकडे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. महसूल खात्याच्या भाषेत मंडळात ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी. आकडा कोरडा वाटतो, म्हणून हिशेब करून पाहा : ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात गावात येणारे दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात ओतल्यासारखे, आणि आजूबाजूच्या प्रत्येक एकरात तेवढेच. यातलं जिरेल ते जिरेल, बाकीचं बांध फोडून ओढ्याकडेच धावणार.

तिसरं म्हणजे वेळ. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. ‘आजचा नारिंगी इशारा’ संध्याकाळपर्यंत कोरडा गेला म्हणून तो टळला असं समजू नका. पुढची अख्खी रात्र त्यातच येते. प्रत्येक पत्रकावर ते कधी निघालं ती तारीख आणि वेळ असते. ज्या संदेशावर ती नाही, तो पुढे पाठवू नका. दर सप्टेंबरात जुन्या पुरांची चित्रं ‘आत्ताची’ म्हणून फिरतात आणि खरा इशारा त्या गर्दीत बुडून जातो.

काय करायचं ते आधीच ठरवा

ऐन वेळी विचार करायला बसलं की माणूस एकतर गोंधळतो नाहीतर ‘बघू’ म्हणतो. त्यापेक्षा ठरवलेलं बरं. तीन टप्पे धरून चला.

चार-पाच दिवस आधी : उपसागरात प्रणाली तयार झाल्याची बातमी आली की काढणीचं वेळापत्रक तपासा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो. या आठवड्याचा जरूर वाचा. मळणी यंत्रवाल्याशी आजच बोला, कारण इशारा आल्यावर सगळं गाव एकाच वेळी त्याच्या दारात उभं राहणार. ताडपत्रीला भोकं पडली आहेत का, हे उन्हातच पाहून ठेवा.

आदल्या दिवशी : पिवळा रंग आणि ‘तुरळक’ शब्द असेल तर दिवसाउजेडी मळून झाकता येईल तेवढंच कापा. नारिंगी किंवा लाल असेल तर कापणी थांबवा. उभं सोयाबीन पावसाने खराब होतं खरं, पण कापून रानात पसरलेलं त्याहून लवकर कुजतं आणि पाण्याबरोबर जातंही. बनीम म्हणजे गंजी घातली असेल तर ती उंचवट्यावर, खाली दगड-लाकडं घालून, भोवती चर काढून. ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवण्याऐवजी दोरीने आवळून बांधलेली. ओढ्यावरची मोटार वर काढून घ्या. ओढ्याकाठच्या आखाड्यावर त्या रात्री कोणी झोपायचं नाही, हे घरात स्पष्ट सांगा.

तीन तास आधी : हवामान खातं दर तीन तासांनी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज काढतं. वाटेच्या नकाशापेक्षा हा कितीतरी कामाचा. तो आला की माणसं घरात आणि जनावरं उंचावर. पाणी चढण्याची शक्यता असेल तर गुरांची दावी सोडून ठेवा. मोकळं जनावर पोहत उंचवटा गाठतं, दावणीला बांधलेलं जागच्या जागी बुडतं.

इशारा आपल्यापर्यंत का येत नाही?

बहुतेक वेळा इशारा निघालेला असतो, पोचलेला नसतो. त्याची कारणं साधी असतात आणि उपायही साधे आहेत.

एक, फोन. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप आपल्या जागेनुसार इशारे देतं. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर सांगतं. दोन्ही ॲप लोक उत्साहाने घेतात आणि मग बॅटरी वाचवायला लोकेशन बंद करून टाकतात. लोकेशन बंद म्हणजे ॲप असून नसल्यासारखं. २०२३ मध्ये देशभर मोबाइल भोंग्यासारखे वाजले होते, ती आणीबाणीच्या संदेशाची चाचणी होती. दचकून अनेकांनी तेव्हा ती सोयच बंद केली. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन अलर्ट चालू आहे का, आजच पाहा.

दोन, वीज. जोराचा वारा सुटला की आधी लाइट जाते, काही तासांत मोबाइल टॉवरही गप्प होतो. इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच फोन मुका. म्हणून सेलवर चालणारा एक रेडिओ आणि चार्ज केलेली बॅटरी घरात हवी.

तीन, माणसं. कारखान्यात बाहेरगावचे मजूर असतात, आखाड्यावर सालगडी असतो, वस्तीवर साधा फोन वापरणारी म्हातारी माणसं असतात. गावाच्या मोबाइलवरच्या गटात यांच्यातलं कोणी नसतं. ग्रामपंचायतीने पोलीस पाटील, तलाठी आणि दोन-तीन तरुण यांची साखळी लावावी : कोण कोणाला फोन करणार, कोणत्या वस्तीवर कोण गाडी घेऊन जाणार, मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून कोण सांगणार. नावं कागदावर लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावावीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, राज्याचा १०७० आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांकही त्याच कागदावर हवेत. आणि साखळी पावसाळ्याआधी एकदा वाजवून पाहावी, रात्री अकराला. दिवसा चालणाऱ्या साखळ्या रात्री तुटतात.

चार, सवय. तीनदा इशारा आला आणि काही झालं नाही की चौथ्यांदा माणूस कूस बदलून झोपतो. यावर उतारा एकच : कमी खर्चाची खबरदारी प्रत्येक इशाऱ्याला घ्यायची, ती वाया गेली तरी हळहळायचं नाही. ताडपत्री बांधणं-सोडणं म्हणजे दोन तासांची मेहनत. पीक म्हणजे वर्षाची.

दारूकाम आणि आभाळ

तेरखेड्याला हे जास्त लागू आहे, कारण इथे वादळ म्हणजे फक्त पाणी नव्हे. स्फोटांच्या दुर्घटनांत या गावाने आधीच पुरेसं सोसलं आहे.

आभाळ गडगडायला लागलं की दारूकाम थांबलंच पाहिजे. मसाला तिथेच झाकायचा, शेडची दारं बंद करायची आणि माणसांनी लांब, सुरक्षित इमारतीत जायचं. ‘एवढा घाणा उरकून घेऊ’ हा विचार मनात आला की समजा धोका आलाच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे काम बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी शेडकडे फिरकायचं नाही. पण कारखान्याने इतक्या जवळ येईपर्यंत वाट का पाहावी? मुकादमाच्या फोनवर ‘दामिनी’ ठेवा आणि चाळीस किलोमीटरचा इशारा वाजला की आवराआवर सुरू, असा नियमच करून टाका. इमारतींवरचा वीजरोधक आणि त्याचं अर्थिंग पावसाळ्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. गंजलेला वीजरोधक नुसता शोभेचा.

पावसाने भिजलेल्या मालाबद्दलही एक सांगायला हवं. ॲल्युमिनियमची पूड असलेला मसाला ओला झाला तर आतल्या आत तापू शकतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. ‘ऊन पडलं, वाळवून वापरू’ असं करू नका. असा माल वेगळा काढा, माणसं आणि चांगला साठा यांच्यापासून दूर ठेवा आणि त्याची विल्हेवाट जाणकारांच्या देखरेखीखालीच लावा.

शेतात असाल तर झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणाला हात लावू नका, पत्र्याच्या उघड्या शेडवर भरवसा ठेवू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी सर्वांत बरी. कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देणं ताबडतोब सुरू करा आणि १०८ ला फोन करा.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, मग ते कितीही उथळ वाटो. घोट्याच्या वर चढलेलं धावतं पाणी माणसाला पाडतं, गुडघ्याएवढं पाणी मोटार उचलतं. खालचा रस्ता जागेवर आहे की खचला, हे गढूळ पाण्यात कोणालाच दिसत नाही.

काळजी किती करायची?

वादळाची वाट दर काही तासांनी बदलते. प्रत्येक बदलाबरोबर आपला जीव वरखाली करून घेतला तर प्रत्यक्ष पाऊस येईपर्यंत माणूस थकून जातो. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, हवामान खात्याचं जिल्ह्याचं पत्रक पाहा. नारिंगी किंवा लाल असेल तरच तीन तासांच्या अंदाजाकडे वळा. मधल्या वेळात टीव्ही बंद ठेवलात तर काही बिघडत नाही. नुकसान झालंच तर पाणी ओसरण्याआधी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लगेच कळवा. पीकविम्याचे नियम वरचेवर बदलतात; यंदा कोणतं नुकसान भरून मिळतं, ते हंगाम सुरू होतानाच विचारून ठेवा.

शेवटचं काम तेरखेड्याचं एकट्याचं नाही. तेरणा नदी या परिसरातच उगम पावते आणि ढोकी, तेरकडे वाहत जाते. आपल्या शिवारात रात्री शंभर मिलिमीटर पडला, तर ते पाणी खालच्या गावांच्या पुलावर काही तासांनी पोचतं. तेवढा वेळ त्यांच्याकडे असतो, पण आपण सांगितलं तर. जिल्ह्याच्या इशाऱ्याला मंडळाचा पत्ता नसतो. वरच्या गावाने खालच्या गावाला केलेल्या फोनला असतो. पंचायतीच्या भिंतीवरच्या त्या कागदावर खालच्या गावांच्या सरपंचांचे आणि पोलीस पाटलांचे क्रमांक लिहा, आणि आपल्या ओढ्याला पूर आला की सगळ्यांत आधी तिकडे फोन लावा.